अळीव, बादली आणि वजनकाटा : ग्रोबॅग व खताची पारख

शेतातल्या रोपाला एका जागी काही कमी पडले, तर त्याची मुळे आणखी खोल किंवा दूरवर जाऊन ते मिळवू शकतात. ग्रोबॅगमधल्या, म्हणजे झाड लावायच्या पिशवीतल्या, रोपाला ती सोय नसते. १२ इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या पिशवीत साधारण २२ लिटर माती मावते, आणि टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या झाडाला पुढचे तीन-चार महिने पाणी, हवा आणि अन्न तेवढ्यातूनच मिळवावे लागते. त्यामुळे शेतात सहज खपून गेले असते असे निकृष्ट खत गच्चीवर झाडाच्या जिवावर उठते. खरेदी करताना मात्र आपण खताचा काळा रंग आणि पोत्यावरचा दर एवढेच पाहतो, आणि या दोन्हींवरून मालाची प्रत कळत नाही.

फसगतीची सुरुवात पिशवीच्या मापापासूनच होते. गोल बूड शिवलेल्या एचडीपीई (एक प्रकारच्या मजबूत प्लॅस्टिकच्या) पिशवीवर ‘१२ बाय १२’ लिहिले असेल, तर पहिला आकडा सहसा व्यासाचा असतो. रोपवाटिकेत मिळणाऱ्या साध्या पॉलिथिनच्या पिशवीचे माप मात्र ती चपटी ठेवून घेतलेले असते. चपटी असताना १२ इंच रुंद असलेल्या पिशवीचा घेर २४ इंच, म्हणजे भरल्यावर तिचा व्यास जेमतेम साडेसात इंच होतो आणि तिच्यात सुमारे ९ लिटरच माती बसते. नाव तेच, पण जागा निम्म्याहून कमी. म्हणून विक्रेत्याला इंच न विचारता लिटर विचारावेत. टोमॅटो आणि वांग्याला २० लिटर, दुधी किंवा दोडक्यासारख्या वेलाला ४० लिटरच्या आसपास जागा असावी; मेथी, कोथिंबीर आणि पालक यांना सहा इंच खोलीची पसरट पिशवी पुरते.

पसरट पिशवीत भरताना एक गोष्ट सांभाळावी लागते. पाणी दिल्यानंतर जास्तीचे पाणी निथळून गेले, तरी केशाकर्षणामुळे, म्हणजे मातीच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात म्हणून, तळाशी एक थर पाण्याने भरलेलाच राहतो, आणि त्या थराची जाडी पिशवीच्या उंचीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. सहा इंचांच्या पिशवीत नुसती काळी चिकण माती भरली, तर मुळांना श्वास घ्यायला जागाच उरत नाही. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातल्याने हा थर नाहीसा होत नाही. तो फक्त वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. त्यावर खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे भरण भुसभुशीत ठेवणे.

कापडाची जाडी जीएसएममध्ये सांगतात. एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन असा त्याचा अर्थ आहे. हा दावा घरी तपासता येतो. १२ इंच व्यासाच्या आणि उंचीच्या पिशवीला, बूड धरून, सुमारे ०.३६ चौरस मीटर कापड लागते. म्हणजे २२० जीएसएमच्या पिशवीचे वजन, उचलायचे पट्टे आणि शिलाई सोडून, ८० ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती ५५ ग्रॅमच भरली, तर कापड १५० जीएसएमचे आहे. उन्हापुढे टिकण्याची क्षमता मात्र काट्यावर कळत नाही. सूर्याचे अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांब रेणूसाखळ्या तोडतात, आणि हे थोपवण्यासाठी कापड बनवतानाच त्यात काजळी किंवा खास रसायने मिसळावी लागतात. तांदळाचे जुने पोते फुकट मिळते, म्हणून त्यात झाड लावण्याचा मोह होतो; पण ते अशा वर्षभराच्या उन्हासाठी बनवलेले नसते, आणि त्याच्या पट्ट्यांचे बारीक तुकडे एकदा मातीत मिसळले की वेचून काढणे शक्य नसते. माझ्या मते काटकसर इथे करू नये, कारण पिशवीपेक्षा ती भरायलाच अधिक खर्च येतो.

आता खताकडे वळू. भारतात पॅकबंद कंपोस्ट आणि गांडूळखताला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील निकष लागू होतात. गांडूळखतात ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब (कार्बन) किमान १८ टक्के आणि घनता दर घनसेंटिमीटरला ०.७ ते ०.९ ग्रॅम असावी, असे हा आदेश सांगतो. यांतला घनतेचा आकडा ग्राहकाच्या फार उपयोगाचा आहे. १० लिटरची बादली फार न दाबता गांडूळखताने भरावी. आतला माल ७ ते ९ किलो भरला पाहिजे. तो १२ किलो भरला, तर तुम्ही खताच्या भावाने वाळू, माती किंवा पाणी विकत घेत आहात. पाण्याचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. ४० किलोच्या पोत्यात २५ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ३० किलो मिळतो, आणि ओलावा ५० टक्के असेल तर २० किलोच. दुसरे पोते पाव किमतीने स्वस्त मिळाले, तरी ते महागच पडले.

काळ्या रंगावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण राखही काळपट असते आणि काळी मातीही. तसेच खत पाण्यात ढवळल्यावर तळाशी गाळ बसला, म्हणून ते लगेच भेसळीचे ठरत नाही. १८ टक्के कर्ब म्हणजे साधारण ३१ टक्के सेंद्रिय पदार्थ. बाकीचा कोरडा भाग खनिजांचाच असतो. बोटांना खरखरीत वाळूचा जाड थर लागला, तर मात्र शंका घ्यावी. नारळाच्या भुशाचे, म्हणजे कोकोपीटचे, गणित वेगळे आहे. ते पाणी उत्तम धरते, पण झाडाला अन्न जवळजवळ देत नाही, आणि त्यातले क्षार न धुता वापरले तर पानांच्या कडा करपतात. कोकोपीटच्या दाबून केलेल्या विटा भिजवून ते पाणी दोनदा तरी टाकून द्यावे.

सर्वांत मोठा धोका मात्र खताच्या कच्चेपणाचा आहे. अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्यात कर्ब भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) कमी असते. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचे शरीर घडवायला नत्र लागते आणि ते मातीतले नत्र उचलतात, त्यामुळे खत घातल्यानंतरच रोप पिवळे पडते. ताज्या शेणखतातून अमोनिया सुटतो आणि त्यासोबत मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्याही येऊ शकतात. हवेअभावी सडलेल्या मालातली सेंद्रिय आम्ले कोवळी मुळे जाळतात.

हा कच्चेपणा ओळखण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत जे बी वापरतात, ते आपल्याकडे लाडवांसाठी डब्यात ठेवलेले असते. १९८१ मध्ये इटलीतील झुक्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अळिवाच्या बियांवर आधारलेली रुजवण-चाचणी मांडली. घरी ती अशी करता येईल : एक भाग खत दहा भाग पाण्यात तासभर ढवळत ठेवून कापडातून गाळावे, दोन ताटल्यांत टिपकागद पसरून एक या पाण्याने आणि दुसरा साध्या पाण्याने ओला करावा, आणि दोन्हींवर अळिवाचे वीस-वीस दाणे सुटे मांडावेत. दाण्यांभोवती बुळबुळीत आवरण तयार होते, म्हणून कागद ओलाच असावा, पाणी साचू देऊ नये. ताटल्या झाकून दोन-तीन दिवसांनी रुजलेले दाणे मोजावेत आणि मुळांची सरासरी लांबी पट्टीने मापावी. समजा, साध्या पाण्यात १८ दाणे रुजले आणि मुळे ३० मिलिमीटर झाली, तर गुणाकार ५४०; खताच्या पाण्यात १५ दाणे आणि २० मिलिमीटर, तर ३००. ३०० ला ५४० ने भागले, की रुजवणीचा निर्देशांक मिळतो : सुमारे ५६ टक्के. ८० टक्क्यांच्या वरचे खत रोपांना सुरक्षित मानतात. ५० च्या खालचे घातक.

म्हणून आधी एकच छोटे पाकीट घ्यावे, त्याची चाचणी करावी आणि मगच पोती सांगावीत. चाचणीनंतर माल मात्र त्याच खेपेतला मागावा, कारण पुढची खेप वेगळी असू शकते. घरात आधीच आलेले खत ५६ वर अडकले असेल, तर ते फेकून देण्याची गरज नाही. ते सावलीत ढीग करून मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओले ठेवावे, आठवड्यातून एकदा खालीवर करावे आणि महिन्याभराने पुन्हा वीस दाणे मांडावेत.