वाहन परवान्याचे निलंबन व रद्दीकरण

वाहतुकीचे गंभीर नियम मोडणाऱ्या, विशेषतः पुन्हा पुन्हा मोडणाऱ्या चालकाचा गाडी चालवण्याचा हक्क काढून घेण्याची कारवाई. ठरावीक मुदतीपुरता परवाना रोखला तर ते निलंबन. परवानाच संपुष्टात आणला तर रद्दीकरण. आरटीओच्या कागदांत परवान्याला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात, बोलताना सगळे ‘लायसन’च म्हणतात.

भारतात हा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९ नुसार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे आहे. न्यायालयालाही कलम २० खाली चालकाला अपात्र ठरवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना बजावले की भरधाव वेग, लाल सिग्नल तोडणे, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालवणे अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने परवाना निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीने हीच दिशा कायद्यात आणली. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, दुसऱ्या वेळी परवाना रद्द. हेल्मेट न घालणे आणि ट्रिपल सीटसुद्धा या यादीत आहे. दंड भरला की सुटलो, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

सिग्नलवर पोलीस परवाना जप्त करतो तेव्हा तो निलंबित झालेला नसतो. पोलीस पावती देतो, पण परवाना परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, आणि परवाना आरटीओकडे जातो. तिथे चालकाचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते. ही सुनावणी निव्वळ औपचारिकता ठरू नये. नोकरदाराला तीन महिने बसने जाता येते. रिक्षा किंवा ट्रक चालवणाऱ्याची चूलच त्या परवान्यावर पेटते. मुदत संपल्यावरही परवाना आपोआप हाती येत नाही, आधी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. अपात्र असताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

खरी अडचण ‘वारंवार’ मोजण्यात आहे. कॅमेऱ्याचे ई-चलान गाडीच्या नंबरवर निघते. स्कूटर वडिलांच्या नावावर, सिग्नल तोडला कॉलेजात जाणाऱ्या मुलाने, आणि मेसेज येतो वडिलांच्या मोबाइलवर. ते वैतागून पैसे भरतात. अशी पाच चलाने झाली तरी मुलाचा परवाना कोराच राहतो. ज्याला वेळीच थांबवायला हवे, तोच निसटतो. कायदा कडक होऊनही त्याची जरब बसत नाही, याचे मोठे कारण हेच आहे.

जर्मनीत हिशोब माणसाचा ठेवतात. फ्लेन्सबुर्ग शहरातल्या केंद्रीय नोंदवहीत प्रत्येक चालकाचे दोषगुण, म्हणजे नियम मोडल्याबद्दलचे गुण, जमा होतात. ही पद्धत १९७४ पासूनची. १ मे २०१४ पासून चार गुणांवर लेखी समज, सहावर ताकीद आणि आठ गुण झाले की परवाना जातो. नवा परवाना सहा महिन्यांच्या आत मिळत नाही, आणि त्याआधी बहुधा वैद्यकीय-मानसशास्त्रीय तपासणीला सामोरे जावे लागते. तिथला वेगमापक कॅमेरा नंबरप्लेटसोबत काचेआडचा चालकाचा चेहराही टिपतो.