ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना

जुनी मोटरसायकल बाळगणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "इंजिन जुनं आहे, तापलं की दमतं. जरा वेळ थांबा, आपोआप सुरू होईल." आणि थोड्या वेळाने गाडी खरंच सुरू होते. म्हणून तर ही समजूत इतकी पक्की बसली आहे. पण इंजिन दमत नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँक यांपैकी काहीही पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभं राहून ताजंतवानं होत नाही. गाडीतली एखादी वस्तू गरम झाली की काम सोडते आणि गार झाली की पुन्हा करू लागते, एवढाच याचा अर्थ. ती वस्तू कोणती, हे घरच्या घरी शोधून काढता येतं.

अशा वेळी बहुतेक जण कार्बोरेटर खोलतात. जेट फुंकून साफ होतात, निडल बदलली जाते, फ्लोट तपासला जातो आणि पुढच्या फेरीत गाडी त्याच जागी पुन्हा गप्प होते. कार्बोरेटरवर राग काढण्याआधी एक साधी परीक्षा करा. गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. सुस्स असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल खाली येत नव्हतं. तसं काही झालं नाही, तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर असतो. पॉइंटच्या, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या छोट्या जोडीच्या, शेजारी स्क्रूने बसवलेली, एक वायर बाहेर आलेली ती छोटी गोल डबी. जुन्या गाडीत इतकं कमी कौतुक वाट्याला आलेला आणि इतका सुंदर दुसरा भाग नाही.

त्याचं काम समजायचं तर ठिणगी कधी पडते तिथून सुरुवात करायला हवी. दिव्याचं बटण दाबलं की दिवा लागतो, तसे पॉइंट मिटले की प्लगला करंट जातो, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या (प्लगसाठी दाब वाढवणारी तारेच्या दोन वेटोळ्यांची जोडी) प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो आणि कॉइलच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. एवढंच. ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना, प्रवाह तुटतो त्या क्षणी. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो तो चुंबकीय क्षेत्र बदलताना, आणि बदल जितका झपाट्याने होईल तितका दाब मोठा. प्राथमिक वेटोळ्याला काहीशे वेढे, दुय्यम वेटोळ्याला त्याच्या साधारण शंभरपट. प्राथमिक बाजूला जेवढा दाब उसळेल त्याच्या सुमारे शंभरपट प्लगकडे जातो.

मग प्रश्न उरतो तो प्राथमिक बाजूला किती उसळेल हा. बॅटरी तर ६ किंवा १२ व्होल्टची. पण कॉइलमधून वाहणारा प्रवाह सहजासहजी थांबायला तयार नसतो. भरधाव वाहत्या पाण्याचा नळ एकदम बंद केला की पाइपला दणका बसतो. कॉइलही प्रवाह तोडला की तसाच दणका देते. पॉइंट विलग होताना शेवटपर्यंत चिकटून राहिलेल्या इवल्याशा टोकावर सगळा प्रवाह एकवटतो, तिथला धातू वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून प्रवाह पुढे चालूच राहतो. यालाच आर्क म्हणतात. पॉइंट यांत्रिकदृष्ट्या उघडलेले आहेत, पण विजेच्या दृष्टीने मिटलेलेच!

आता थोडं गणित करू, कारण खरी गंमत इथे आहे. १२ व्होल्टच्या जुन्या कॉइलचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला अडवण्याचा गुण) ८ मिलिहेन्री आणि प्रवाह ३ अँपिअर धरू. प्रवाह किती वेगाने उतरेल हे पॉइंटच्या दोन टोकांमध्ये उभ्या राहणाऱ्या दाबावर ठरतं: दाब भागिले इंडक्टन्स. आर्क पेटलेला असेल तर तिथे जेमतेम २० व्होल्ट टिकतात. २० ला ०.००८ ने भागलं की सेकंदाला २५०० अँपिअर, म्हणजे ३ अँपिअर शून्यावर यायला एक मिलिसेकंदाहून जास्त वेळ. आणि प्लगकडे काय पोहोचलं? विसाच्या शंभरपट, म्हणजे दोन हजार व्होल्ट. त्यावर इंजिन चालत नाही.

कंडेन्सर पॉइंटच्या समांतर जोडलेला असतो. पॉइंट उघडायला लागताच प्रवाहाला आर्कपेक्षा सोपी वाट मिळते आणि तो कंडेन्सरमध्ये शिरतो. कंडेन्सर भरत जातो तसा दाब वाढतो, पण शून्यापासून आणि क्रमाने. तेवढ्या अवधीत पॉइंट एकमेकांपासून इतके दूर गेलेले असतात की वाढलेला दाबही ती फट ओलांडू शकत नाही. ही शर्यत आहे, दाबाची चढण आणि पॉइंटची उघडझाप यांच्यातली, आणि ती कंडेन्सरच्या धारकतेवर, म्हणजे तो किती वीज साठवू शकतो यावर, जिंकली किंवा हरली जाते. कॉइल आणि कंडेन्सर मिळून एक दोलक बनतो. ८ मिलिहेन्री आणि ०.२ मायक्रोफॅरड धरले तर त्याची वारंवारता सेकंदाला सुमारे ४००० येते. पाव दोलनात, म्हणजे साधारण ६० मायक्रोसेकंदांत, प्रवाह शून्यावर आणि दाब शिखरावर. कॉइलमधली सगळी ऊर्जा कंडेन्सरमध्ये उतरली असती तर हे शिखर ६०० व्होल्टचं असतं. काही ऊर्जा दुय्यम वेटोळ्याकडे जाते, काही वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात २५० ते ४०० व्होल्ट मिळतात. त्याच्या शंभरपट करा. पंचवीस हजारांच्या पुढची ताकद हाताशी आली, आणि तीही ६ किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीतून.

'कंडेन्सर पॉइंट जळू नयेत म्हणून असतो' हे वाक्य म्हणूनच मला अपुरं वाटतं. पॉइंट वाचतात ते खरं, पण ठिणगीला जोर येतो तोच मुळी त्याच्यामुळे. ही युक्ती मोटरसायकलीपेक्षा कितीतरी जुनी आहे. १८५३ मध्ये इपोलित फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतल्या इंडक्शन कॉइलच्या खंडकाला (प्रवाह तोडणाऱ्या भागाला) समांतर कंडेन्सर जोडायला सुचवलं आणि ठिणग्या एकदम लांब झाल्या. चारच वर्षं आधी दातेरी चाक वापरून प्रकाशाचा वेग जमिनीवर मोजून दाखवणारा हाच तो फिझो. आपण किक मारतो तेव्हा त्याची कल्पना दर ठिणगीला काम करत असते.

आता तापण्याकडे येऊ. जुन्या कंडेन्सरमध्ये धातूच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये मेण किंवा तेल पाजलेला कागद अशी गुंडाळी असते. वर्षानुवर्षांत टोकाचं सील सुटतं आणि कागद हवेतली ओल पितो. तापमान वाढतं तसा अशा कागदाचा विरोध झपाट्याने खाली येतो. गार असताना जेमतेम टिकणारा कंडेन्सर इंजिनाच्या उष्णतेने गळू लागतो, दाब शिखरापर्यंत चढतच नाही आणि गाडी बंद पडते. गार झाली की विरोध परत वाढतो. दमलेल्या इंजिनाची कथा इथे संपते. कॉइलच्या वेढ्यांवरचं इन्सुलेशन खराब झालं तरी हीच लक्षणं दिसतात, पण कंडेन्सर बदलणं सोपं, म्हणून तिथून सुरुवात करावी.

मल्टिमीटरवर विसंबू नका. तो काही व्होल्टवर तपासतो आणि कंडेन्सरला काम करायचं असतं तीनशेवर. मीटरने बरा म्हटलेला कंडेन्सर गाडीत खुशाल नापास होतो. त्यापेक्षा संध्याकाळी अंधारात पॉइंटचं झाकण काढा आणि गरम इंजिन चालू असताना पॉइंटकडे बघा. बारीक निळसर ठिणगी असेल तर ठीक. पिवळी-पांढरी, लपलपणारी असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला, तर धारकता त्या कॉइलला जुळत नाही.

प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून ठिणगी बघण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्यावरही माझा भरवसा नाही. मोकळ्या हवेत ०.६ मिलिमीटरची फट ओलांडायला अडीच-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र मिश्रण दाबून कित्येक पट दाट झालेलं असतं, आणि वायू जितका दाट तितका तो फोडायला जास्त विद्युतदाब लागतो. बाहेर छान दिसणारी ठिणगी आत पडतच नाही. मोकळ्या हवेत पाच-सहा मिलिमीटरची फट ओलांडणारी ठिणगी मिळाली तरच कॉइल-कंडेन्सरची जोडी धड आहे असं समजावं. ही तपासणी प्लगच्या भोकापासून लांब करा, किक मारल्यावर तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते.

नवीन कंडेन्सर घेताना ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा, निदान ६०० व्होल्ट सोसणारा पॉलिप्रोपिलीन फिल्मचा घेतला तर ओल पिणारा कागदच राहत नाही. तो सीटखाली, कॉइलजवळ, इंजिनाच्या धगीपासून दूर बसवता येतो. एक टोक पॉइंटच्या वायरला, दुसरं चेसीला. फिरत्या आर्मेचरचा (वेटोळं गुंडाळलेल्या गाभ्याचा) मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणारं यंत्र, असलेल्या गाड्यांत मात्र तो बहुधा त्या आर्मेचरमध्येच असतो, आणि तिथे पोहोचायचं तर मॅग्नेटो पूर्ण सोडवावा लागतो.

पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधून ताकद आणि मायलेज वाढवून देणाऱ्यांचं हे लिहिताना आठवतंच. 'रेणू सरळ रांगेत येतात' असं ते सांगतात. पेट्रोलचे रेणू चुंबकाला अगदी नगण्य प्रतिसाद देतात, तोही दूर सरण्याचा, आणि त्यांचे बंध तोडायला लागणारी ऊर्जा असल्या चुंबकाच्या परिणामाच्या लाखो पटींनी जास्त असते. ही निव्वळ फसवणूक आहे. ते पैसे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि चांगल्या प्लगसाठी ठेवा.

कारण शेवटचं काम फीलर गेजचं आहे. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत पॉइंटच्या टंगस्टन तोंडांवर ऑक्साइडचा, नाहीतर तेलाचा पातळ थर चढतो आणि ती मिटूनही प्रवाह जाऊ देत नाहीत. पॉइंटची बारीक कानस हलक्या हाताने फिरवावी. पॉलिश पेपर टाळावा, त्याचे कण धातूत रुततात. मग सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कोरा कागद मधून ओढून घ्यावा. फट बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. फट जास्त ठेवली तर पॉइंट कमी वेळ मिटलेले राहतात, कॉइल पुरती भरत नाही आणि वेगात ठिणगी मंदावते. शिवाय पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे सरकतं, ठिणगी लवकर पडते. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. म्हणून आधी गॅप लावायचा आणि मगच टायमिंग. क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा लावावं लागेल.