निवेदन आणि हरकत (बेळगाव सीमाभाग)

रस्ता रुंदीकरण, बायपास, नव्या वसाहतींसाठी भूसंपादन, नाल्यांची कामे, झाडतोड अशा वस्तीचे रूप पालटणाऱ्या कामांविषयी बेळगाव सीमाभागातील रहिवासी आपले म्हणणे प्रशासनापुढे मुख्यतः दोन मार्गांनी मांडतात. निवेदन कोणीही, केव्हाही आणि कोणत्याही अधिकाऱ्याला देऊ शकतो. मात्र त्यावर निर्णय देण्याचे बंधन सहसा कोणावर नसते. हरकत कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, ठरलेल्या अधिकाऱ्याकडे लेखी नोंदवावी लागते आणि ती निकाली काढल्याशिवाय भूसंपादनाची पुढची पायरी गाठता येत नाही. या भागात निवेदनांची परंपरा दांडगी आहे. हरकतीची मुदत मात्र अनेकदा हातातून निसटते, आणि त्याची किंमत शिवारांनी व घरांनी मोजली आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. बेळगाव शहर आणि तालुका, खानापूर, निपाणी व चिकोडी या भागांत मराठी भाषक मोठ्या संख्येने राहतात. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादाची छाया इथल्या नागरी गाऱ्हाण्यांवरही पडते, आणि गटार तुंबल्याचे निवेदनसुद्धा कधीकधी अस्मितेच्या चष्म्यातून वाचले जाते. ज्याच्या दारात पाणी शिरले आहे, त्याच्यावर हा अन्यायच होय.

गाऱ्हाण्याची सुरुवात बहुधा गल्लीतच होते. शहरातील जुन्या वस्त्या आणि आसपासची गावे यांत गल्लीचे पंच, युवक मंडळ आणि महिला मंडळ अशी रचना मुरलेली आहे. देवळात किंवा मंडळाच्या खोलीत बैठक बसते, मजकूर ठरतो, सह्या व अंगठे घेतले जातात आणि चारदोन जाणती माणसे नगरसेवकाला सोबत घेऊन महापालिका आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. अनुभवी माणूस निवेदनाच्या दोन प्रती नेतो. एक कार्यालयात देतो आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून पोच घेतो. शेतजमिनीचा प्रश्न असेल तर गावाचे नाव, सर्व्हे क्रमांक, हिस्सा, क्षेत्र आणि उताऱ्याची प्रत ही जोडणी लागते. उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव असेल आणि वारसा नोंद झाली नसेल, तर नोटीस त्या मृत व्यक्तीच्या नावे निघते. ती कसणाऱ्या नातवाच्या हाती पडेपर्यंत निम्मी मुदत सरलेली असते.

मुदती कायद्यागणिक वेगळ्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे हरकत घ्यावी लागते आणि ती जमिनीच्या वापरापुरतीच असते. मोबदल्याचा प्रश्न त्यानंतर येतो. बेळगाव नगरविकास प्राधिकरण, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘बुडा’, कर्नाटक नगरविकास प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार वसाहतींसाठी जमीन घेते, तेव्हा मालकाला म्हणणे मांडण्यास ३० दिवस मिळतात. शहराच्या मसुदा विकास आराखड्यावर सूचना व हरकती देण्यासाठी ६० दिवस असतात, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही प्राथमिक अधिसूचनेनंतर तेवढाच अवधी आहे. आराखड्याच्या टप्प्यावर हरकती तुरळकच येतात, कारण नकाशावरील रंगीत पट्टा आपल्याच शेतावरून जातो हे त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. खरी लढाई मात्र तिथेच सोपी असते.

भाषेची अडचण याच ठिकाणी सर्वांत जास्त बोचते. कर्नाटकात १९८१ च्या अधिनियमाने स्थानिक संस्थांचा कारभार कन्नडमधून चालतो, त्यामुळे नोटिसा व अधिसूचना त्या भाषेत येतात. संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येक व्यक्तीला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे, म्हणून मराठीतील अर्ज केवळ भाषेच्या कारणावरून नाकारता येत नाही. मात्र या अनुच्छेदात उत्तराच्या भाषेविषयी काही सांगितलेले नाही. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांहून अधिक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे अखिल भारतीय पातळीवर मान्य झालेले धोरण आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून झटणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने आणि इतरांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली आहेत. २१ दिवसांची मुदत चालू असताना कागद वाचून घेण्यासाठी माणूस शोधावा लागणे ही साधी गैरसोय नव्हे. त्यात हक्कच बुडतो.

बेळगाव शहराला वळसा घालणाऱ्या हलगा-मच्छे बायपासचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, माजगाव व येळ्ळूर परिसरातील शिवार सुपीक असून बेळगाव बासमती या सुवासिक भाताचे ते माहेर आहे. भातानंतर याच जमिनीत मसूर, वाटाणा, हरभरा आणि भाजीपालाही निघतो. बायपासला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढले आणि धरणे धरले. शिवाय महामार्गाचा झिरो पॉइंट, म्हणजे आरंभबिंदू, नेमका कोठे आहे, हा मुद्दा घेऊन ते न्यायालयात गेले. काम अनेकदा थांबले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले. रस्त्यावरच्या आक्रोशापेक्षा कागदावरच्या एका तांत्रिक मुद्द्याने शेतकऱ्यांना अधिक काळ आधार दिला, ही गोष्ट पुढच्या लढ्यांनी ध्यानात घेतली. बेळगाव तालुक्यातील तीसहून अधिक गावांतून जाणाऱ्या प्रस्तावित रिंग रोडच्या वेळी, २०२२ मध्ये, मोर्चाच्या जोडीने गावोगावच्या शेतकऱ्यांच्या हरकती एकत्र करून भूसंपादन अधिकाऱ्यांपुढे नोंदवण्यावर भर दिला गेला.

याच शिवारातील बळ्ळारी नाल्याचे गाऱ्हाणे वेगळ्या जातीचे आहे. पावसाळ्यात नाला फुगून भातपीक पाण्याखाली जाते आणि गाळ काढावा म्हणून शेतकरी उन्हाळ्यापासून निवेदने देऊ लागतात. इथे भूसंपादन नाही, म्हणून हरकतीची पायरीही नाही. पाटबंधारे, महापालिका आणि महसूल यांपैकी जबाबदारी कोणाची, याच प्रश्नात निवेदन फिरत राहते.

शहरात जानेवारी २०१६ पासून नवा पेच निर्माण झाला. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड झाली आणि कामे स्वतंत्र कंपनीमार्फत सुरू झाली. महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली, ५८ प्रभागांची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडले गेले. रस्ते खणले जात असताना, दुकानांसमोर गटारी उघड्या पडल्या असताना, सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता. शहापुरातील बँक ऑफ इंडिया ते जुना पी. बी. रोड या रस्त्याच्या रुंदीकरणात जागा गेलेल्या मालकाने उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे दाद मागितली आणि रीतसर संपादन न करता घेतलेली जागा २०२४ मध्ये महापालिकेला परत करावी लागली. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत बांधकामे होऊ लागली, तेव्हाही निवेदनांपाठोपाठ न्यायालयाचीच वाट धरावी लागली.

ग्रामीण भागात वॉर्ड सभा व ग्रामसभा हे हक्काचे व्यासपीठ आहे. कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायत राज अधिनियमानुसार या सभा किमान सहा महिन्यांतून एकदा व्हायला हव्यात. सभेत केवळ बोलून भागत नाही. पंचायत विकास अधिकाऱ्याकडून ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा लागतो. खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यात या ठरावांना विशेष वजन आहे. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत पुन्हा पुन्हा काढला आणि प्रत्येक वेळी हरकतींसाठी ६० दिवस दिले. २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यातील गावांपुढे स्थलांतराचा प्रश्नही आहे. काहींना रस्ता व दवाखाना जवळ हवा म्हणून बाहेर पडायचे आहे, तर काहींना देवराई आणि वडिलोपार्जित शेत सोडवत नाही. अशा गावाच्या नावाने एकच अर्ज गेला तर त्यातील निम्म्या घरांचे म्हणणे झाकले जाते. म्हणून तिथे प्रत्येक कुटुंबाचे म्हणणे वेगळे लिहून घेतले पाहिजे.