परदेशी पाहुण्यांचं वेगळं तिकीट आणि प्रवासाची बंधनं (पुणे)

ऐतिहासिक वास्तू, लेणी, म्युझियम बघायला परदेशी माणसाकडून जास्त पैसे घ्यायचे आणि त्याने कुठे राहायचं, कुठे जायचं नाही यावर सरकारी अटी घालायच्या, ह्या दोन्ही गोष्टी भारतात बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत. पुण्यात त्या फार जवळून दिसतात, कारण शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस शहरातच आहेत, कार्ला-भाजे लेणी लोणावळ्याच्या वाटेवर, आणि शिवाय शिकायला, योग शिकायला, आयटीच्या कामाला किंवा कोरेगाव पार्कातल्या ओशो आश्रमात आलेले फॉरेनर लोक शहरात बारा महिने असतात.

शनिवारवाड्याच्या खिडकीवर भारतीय माणसाला २५ रुपये आणि परदेशी माणसाला ३००. ऑनलाईन किंवा स्कॅन करून पैसे दिले तर २० आणि २५०. आगाखान पॅलेस, कार्ला, भाजे इथेही हाच रेट, कारण ही सगळी ठिकाणं केंद्राच्या पुरातत्व खात्याकडे म्हणजे एएसआयकडे आहेत आणि खात्याच्या 'ब' गटात मोडतात. 'अ' गटात वेरूळ-अजिंठ्यासारखी जागतिक वारसा स्थळं येतात, तिथे ४० आणि ६००. १५ वर्षांखालची मुलं कुठल्याही देशाची असली तरी त्यांना तिकीट नाही. पाताळेश्वरचं लेणं पण एएसआयकडेच आहे पण तिथे कुणालाच तिकीट नाही, जंगली महाराज रोडवरून सरळ आत जायचं.

हा फरक आला कसा तर २००० साली केंद्राने परदेशी लोकांसाठी डॉलरमध्ये तिकीट लावलं, मोठ्या स्थळांना १० डॉलर आणि बाकीच्यांना ५, त्यावर टूर कंपन्यांनी खूप ओरड केली म्हणून ते ५ आणि २ वर आणलं, रुपयात २५० आणि १००. तेव्हा आपल्याला 'ब' गटात ५ रुपये होते. एप्रिल २०१६ पासून १५ आणि २०० झाले, ऑगस्ट २०१८ मध्ये २५ आणि ३००. म्हणजे फरक २० पट होता तो १२ पटीवर आलाय, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही की गेल्या काही वर्षांत टक्केवारीने जास्त वाढ आपल्याच तिकिटात झालीय.

परदेशी म्हणजे नक्की कोण हा खरा गुंता आहे. सार्क (दक्षिण आशियातले देश) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतीचे देश) ह्या गटांतल्या देशांच्या नागरिकांना भारतीय रेटच लागतो, त्यामुळे नेपाळी, बांगलादेशी, श्रीलंकन, अफगाण, थायलंड आणि म्यानमारचा माणूस २५ रुपयांत आत जातो. पुण्यात अफगाण विद्यार्थी आहेत तसे इराणी, येमेनी आणि आफ्रिकन देशांतले पण आहेत, एकाच होस्टेलवर राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, पण खिडकीवर पासपोर्ट बघितला की दोन वेगळे रेट. दोन दिवसांसाठी फिरायला आलेला थाई माणूस स्थानिक धरला जातो ते चांगलंच आहे, माझा त्याला काही विरोध नाही, पण जो तीन-चार वर्षं इथे घरभाडं भरतोय, पीएमपीएमएलच्या बसने फिरतोय, मराठीत भाजी घेतोय तो पुण्याचाच झाला ना, त्याने कॉलेजचं आयकार्ड आणि पोलिसांकडच्या नोंदणीचा कागद दाखवला की वाद न घालता स्थानिक तिकीट मिळायला पाहिजे. राष्ट्रीयत्वापेक्षा राहण्याचं ठिकाण बघावं, हे मला ह्या सगळ्या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरा त्रास चेहऱ्याचा. मणिपूर, नागालँड, मिझोरमहून पुण्यात शिकायला आलेली मुलंमुली भारतीयच आहेत, पण देशभर स्मारकांच्या दारावर त्यांना आधार दाखवा म्हणून थांबवल्याच्या तक्रारी होत आल्यात. मागच्या-पुढच्या कुणाचंच कार्ड बघितलं जात नाही आणि मधल्या एकीलाच विचारलं जातं, हे तिला सगळ्या रांगेसमोर ऐकून घ्यावं लागतं. कार्ड बघायचं तर सगळ्यांचं बघा नाहीतर कुणाचंच नको.

ओसीआय कार्डवाल्यांचं, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं, मात्र नियमात स्पष्ट आहे. मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे राष्ट्रीय स्मारकं, म्युझियम, अभयारण्यं इथे त्यांना भारतीयांचाच रेट. कोथरूड-औंधच्या आजी-आजोबांची नातवंडं डिसेंबरात अमेरिकेहून येतात, मग सगळं कुटुंब एक दिवस शनिवारवाड्यावर जातं आणि मोठ्या नातवाचा अमेरिकन पासपोर्ट बघून ३०० सांगितले जातात. त्याचं ओसीआय कार्ड घरी कपाटात राहिलेलं असतं! ते बरोबर ठेवायचं, फोनमधला फोटो चालेलच असं धरून जाऊ नये.

जास्त तिकिटाच्या बाजूने जे बोलतात त्यांचा मुद्दा साधा आहे आणि तो मला पटतो. ह्या वास्तू आपल्या करातून सांभाळल्या जातात, परदेशी पर्यटक तो कर भरत नाही, आणि ३०० रुपये म्हणजे त्याला साधारण तीन युरो, तर बीड-लातूरहून एसटीने आलेल्या पाच माणसांच्या घराला तेवढं तिकीट लावलं तर ते दारातूनच परत जातील. अडचण पुढे आहे. हे पैसे त्या वास्तूवर खर्च होत नाहीत, केंद्र सरकारच्या तिजोरीत जमा होतात आणि एएसआयला बजेटमधून वेगळा निधी मिळतो. त्यामुळे आगाखान पॅलेसमध्ये ३०० भरून गेलेल्या माणसाला त्या ३०० चं काय झालं ते तिथे दिसत नाही. आणि आगाखान पॅलेसला परदेशी लोक येतात ते गांधीजींसाठी. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत त्यांना तिथे इंग्रजांनी कैदेत ठेवलं होतं, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि पत्नी कस्तुरबा तिथेच वारले, दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. इतक्या लांबून कुणी त्या समाधीपर्यंत येत असेल तर त्याला निदान त्याच्या भाषेत चार ओळी वाचायला मिळाव्यात, चांगलं माहितीपत्रक मिळावं, प्यायला पाणी आणि स्वच्छ टॉयलेट मिळावं. ताजमहालला ११०० रुपयांच्या परदेशी तिकिटाबरोबर पाण्याची बाटली आणि बुटांवर घालायची कव्हरं देतात, पुण्यात एवढं तरी करायला काय हरकत आहे.

कार्ल्याला गेलात तर चैत्यगृहातले खांब नीट बघा. त्यातल्या काही खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलीत आणि त्यात धेनुकाकट गावचे यवन आहेत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे व्यापाराला येऊन राहिलेले बाहेरचे लोक. त्यांनी आपल्या लेण्याला खांब दिले आणि आपल्या लोकांनी त्यांची नावं बाकीच्या दात्यांच्या बरोबरीने कोरली. लेण्याच्या अगदी दारात एकवीरा आईचं देऊळ आहे, तिथे दर्शनाला जाणाऱ्याला तिकीट नाही, लेणं बघायचं तर आहे.

पुणेकर आता स्वतः इतके फिरतात की हा विषय उलट बाजूनेही समजायला लागलाय. भूतानला भारतीयांना २०२० पर्यंत काही द्यावं लागत नव्हतं, आता रोजचे १२०० रुपये, बाकी बहुतेक देशांच्या लोकांना १०० डॉलर. पॅरिसच्या लूव्र म्युझियमने जानेवारी २०२६ पासून युरोपियन आर्थिक क्षेत्राबाहेरच्या (म्हणजे युरोपियन युनियन आणि आणखी तीन देश सोडून बाकीच्या) लोकांना २२ चे ३२ युरो केले. अमेरिकेने पण २०२६ पासून ग्रँड कॅनियन, यलोस्टोन, योसेमिटी अशा ११ नॅशनल पार्कमध्ये तिथे न राहणाऱ्यांवर माणशी १०० डॉलर जादा लावलेत, म्हणजे मुलाकडे तीन महिने गेलेल्या आई-बाबांना ते भरावे लागू शकतात. ह्याला लूट म्हणायचं आणि आपल्याकडच्या १२ पटीला हक्क म्हणायचं असं दोन्ही बाजूंनी बोलता येणार नाही. जपानात हिमेजी किल्ल्याने मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या सगळ्यांना १००० चे २५०० येन केले, त्यात टोकियोचा जपानी माणूसही आला. मला हीच पद्धत सगळ्यात स्वच्छ वाटते, पासपोर्टचा प्रश्नच येत नाही.

राहण्या-फिरण्याच्या बंधनांवर लोक कमी बोलतात पण परदेशी माणसाला तिकिटापेक्षा त्याचाच जास्त त्रास होतो. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेल, लॉज, होस्टेल, अगदी घरमालकाने सुद्धा २४ तासांत त्याची माहिती ऑनलाईन भरायची असते, यालाच सगळे सी फॉर्म म्हणतात. पूर्वी हे १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याखाली होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला पण माहिती देण्याची जबाबदारी तशीच आहे. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला, १७ माणसं गेली, त्यात परदेशी लोकही होते. त्यानंतर शहरात ह्या नोंदणीकडे फार बारकाईने बघितलं जायला लागलं आणि ते व्हायलाच पाहिजे होतं. पण झालं असं की स्टेशनजवळचे, स्वारगेटचे छोटे लॉजवाले ती भानगडच नको म्हणून "फॉरेनर नाही चालत" असं काउंटरवरूनच सांगतात, रात्री अकराला सॅक घेऊन आलेला माणूस मग रिक्षात बसून लॉजमागून लॉज फिरतो. कायदा त्यांना ठेवू नका असं कुठेच म्हणत नाही, फक्त कळवा म्हणतो. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि कुठून आला कुठे जाणार एवढंच भरायचं असतं, एकदा लॉगिन काढलं की पंधरा मिनिटांचं काम आहे. लॉजवाल्यांना बोलावून हे कुणी शिकवलं तर निम्मा त्रास संपेल.

कुठे जायचं नाही याबाबतीत राज्यघटनेची स्थिती अशी की कलम १४ (समानता) आणि २१ (जीवन आणि व्यक्तिस्वातंत्र्य) इथल्या प्रत्येक माणसाला लागू आहेत, पण देशभर मोकळं फिरण्याचा कलम १९ मधला हक्क फक्त नागरिकांचा. म्हणून अरुणाचल, सिक्कीमचा काही भाग, लडाखचा सीमेलगतचा पट्टा इथे परदेशी माणसाला परमिट लागतं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूर, मिझोरम, नागालँडला ते पुन्हा लावलं. महाराष्ट्रात असा प्रदेश नाही, पण पुण्यात लष्कराच्या जागा भरपूर, खडकवासल्याच्या एनडीएत म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्याने तिथे फोटो काढायला मनाई. एप्रिल २०२५ मध्ये भारताने व्हिसा देणं थांबवलं त्याआधीही पाकिस्तानी पाहुण्याचा व्हिसा ठरावीक शहरांपुरताच असायचा, पुण्याचं नाव नसेल तर मुंबईला आलेला नातेवाईक पुण्यातल्या लग्नाला येऊ शकत नव्हता.

आता लोहगडाचा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, राजगड आणि लोहगड आहेत. लोहगड एएसआयकडे आहे, तो 'अ' गटात घातला तर ४० आणि ६०० होतील. माझं मत आहे की घालू नये. लोहगडावर पावसाळ्यातल्या रविवारी महादरवाज्याच्या पायऱ्यांवर जी माणसांची कोंडी होते ती आपल्याच पुण्या-मुंबईच्या लोकांची असते, फॉरेनरचं तिकीट दुप्पट केल्याने एक माणूस कमी होणार नाही. जून २०२४ मध्ये भुशी डॅमच्या वरच्या धबधब्यात एकाच घरातली माणसं वाहून गेल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी धबधबे, धरणं, गड अशा धोक्याच्या जागी मनाईचे आदेश काढले ते पासपोर्ट न बघता सगळ्यांनाच होते. लोहगडासाठी तसंच काही हवंय, पावसाळ्यात एका वेळी गडावर किती माणसं सोडायची ते ठरवून पायथ्याच्या लोहगडवाडीतच मोजणी, आणि आकडा भरला की खिडकी सगळ्यांना बंद.