रक्तदाबाच्या रुग्णाने लघवीची तपासणी कशासाठी करावी?

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या रुग्णाला रक्तातील क्रिएटिनिनसोबत (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी लिहून दिली, की आमच्या लॅबच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो : "मला लघवीचा काहीच त्रास नाही, मग ही तपासणी कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र हृदयातून निघणाऱ्या महाधमनीपासून सुरू करावे लागते.

तरुणपणी महाधमनीची भिंत लवचिक असते. प्रत्येक ठोक्यासरशी ती किंचित फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात पूर्ववत होताना आतले रक्त पुढे सरकवते, त्यामुळे लहान रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचेपर्यंत रक्ताचा धक्का बराच सौम्य झालेला असतो. वाढते वय, मधुमेह, तंबाखू आणि वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब यांमुळे भिंतीतील लवचिकता देणारे इलॅस्टिनचे तंतू झिजून तुटतात, कडक अशा कोलॅजेन तंतूंचे प्रमाण वाढते, कोठे कोठे कॅल्शियमही साठते आणि उन्हात पडून राहिलेल्या रबरी नळीप्रमाणे धमनी ताठर होते. अशा धमनीत वरचा आकडा चढतो आणि खालचा उलट उतरतो. १६०/७० असे मोजमाप आल्यावर "खालचा तर सत्तरच आहे" असे समाधान अनेक जण मानून घेतात. परंतु या दोन आकड्यांतील ९० चे अंतर हीच काळजीची बाब असते. सर्वसाधारणपणे हे अंतर ४० च्या आसपास असते आणि उतारवयात ते ६० किंवा त्याहून अधिक राहू लागले, तर धमन्या ताठर झाल्याची शक्यता डॉक्टर विचारात घेतात.

ताठर धमनीत सौम्य न झालेला हा धक्का मूत्रपिंडांना विशेष बाधतो. शरीर विश्रांती घेत असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहान अवयवांकडे जातो आणि तेथील रक्तवाहिन्या प्रवाहाला फारसा अडथळा करत नसल्याने दाबाची लाट खोलवर पोहोचते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे अतिशय नाजूक केशवाहिन्यांचा गुच्छ. सततच्या माऱ्याने तिची जाळी बिघडली, की एरवी रक्तातच राहणारे अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरू लागते. या टप्प्यावर दुखत नाही, सूजही बहुधा नसते आणि रक्तातील क्रिएटिनिन अनेकदा नॉर्मल येते, कारण उरलेल्या गाळण्या जादा काम उचलतात. म्हणूनच डॉक्टर दोन्ही तपासण्या एकत्र सांगतात. लघवीतील दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्ब्युमिन आढळले, तर ते वाढलेले मानतात. मात्र एकाच अहवालावरून निष्कर्ष न काढता तीन महिन्यांच्या कालावधीत तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

दुर्बळ झालेले मूत्रपिंड मीठ व पाणी पुरेसे बाहेर टाकू शकत नाही, त्यामुळे रक्तदाब आणखी वाढतो. आजार पुढे गेल्यास फॉस्फरसचे संतुलन ढळून धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम अधिक वेगाने साठते.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेतला आणावा. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशी झालेला जड व्यायाम यांमुळे अल्ब्युमिन तात्पुरते वाढू शकते; तसे काही असल्यास काउंटरवर अवश्य सांगावे, आम्ही दुसरी तारीख देऊ. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. जिना चढून आल्या आल्या शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधण्याचा आग्रह आम्हाला रोज होतो, पण तो आम्ही मान्य करत नाही.

रक्तदाबाच्या काही गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. अहवालात तसे दिसले, तरी गोळी स्वतःहून बंद न करता अहवाल डॉक्टरांना दाखवावा. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचे नावही त्याच वेळी त्यांना सांगावे.