परमिट दिलं, ग्रँट पण केलं, तरी मायनस ५५१ का येतंय?

मायनस ५५१ म्हणजे डीबीटू सांगतो, या युजरला हे करायची परवानगी नाही. परमिट ही रॅकएफमधली परवानगी, ग्रँट ही डीबीटूची स्वतःची. हा प्रश्न फोनवर सारखा येतो म्हणून एकदाच लिहून काढतोय. झेड/ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर, डीबीटू डेटाबेस चालवताय म्हणजे रॅकएफ (कुणाला काय वापरता येईल ते ठरवणारं सिक्युरिटी सॉफ्टवेअर) तुम्हाला नवीन नाही, ते परत सांगत बसत नाही.

बहुतेक वेळा घोळ एकच, रिफ्रेश राहिलेलं असतं. परमिट मारलं की बदल रॅकएफच्या डेटाबेसमधे जातो, पण एमडीएसएनटीबी (डीबीटूची टेबलं), डीएसएनआर (डीबीटूशी कनेक्शन) हे क्लास, म्हणजे रॅकएफमधले नियमांचे गट, रॅकलिस्ट केलेले असतात, म्हणजे चेकिंग होतं मेमरीतल्या कॉपीवर आणि तिथे अजून जुनंच. सेटरॉप्ट्स रॅकलिस्ट, कंसात क्लास, पुढे रिफ्रेश, बास. बदल जीडीएसएनटीबी या ग्रुपिंग क्लासमधे (अनेक टेबलांचे नियम एकत्र ठेवणाऱ्या) केला असला तरी रिफ्रेश एमडीएसएनटीबीचंच मारायचं, इथे भलेभले फसतात. आणि कुणाला नवीन ग्रुपला कनेक्ट केलं असेल तर त्याला लॉगऑफ करून परत यायला सांगा, ते रिफ्रेशने होत नाही.

एका क्लायंटकडे महिनाअखेरीच्या रात्री हेच झालं. परमिट दिलं, रिफ्रेश विसरले, जॉब पडला. मग घाईघाईत पगाराच्या टेबलवर ग्रँट सिलेक्ट टू पब्लिक, म्हणजे सगळ्यांना वाचायची परवानगी. तरी पडला. पडणारच, कारण त्यांच्याकडे रॅकएफचं एक्झिट लावलंय, म्हणजे डीबीटू आधी रॅकएफला विचारतो; त्या टेबलचं प्रोफाइल (रॅकएफमधला नियम) सापडलं आणि रॅकएफ नाही म्हणाला की डीबीटू स्वतःचे ग्रँट बघायलाच जात नाही, प्रोफाइलच नसेल तर मात्र बघतो. रात्री दीडला आम्हाला फोन, "सर, तासाभरासाठी सिसअॅडम देऊन टाका ना." सिसअॅडम म्हणजे डीबीटूचे जवळपास सगळे अधिकार, नाही दिलं. सिसलॉग (सिस्टीमचा लॉग) वाचून घेतला, रिफ्रेश मारायला लावलं, जॉब नीट पूर्ण झाला. पण ते पब्लिकचं ग्रँट तसंच पडून होतं, साफसफाईत कुणी प्रोफाइल उडवलं असतं तर सगळ्या ऑफिसला एकमेकांचे पगार दिसले असते. दुसऱ्या दिवशी आठवणीने काढलं.

म्हणून फोन करायच्या आधी सिसलॉगमधला आयसीएच४०८आय मेसेज मेल करा, पूर्ण. युजर, प्रोफाइल, क्लास, मागितलेला अॅक्सेस, दिलेला अॅक्सेस सगळं त्यात असतं. नुसता ५५१ चा स्क्रीनशॉट आला की आमचा अर्धा तास विचारण्यातच जातो, आणि तो तुमच्याच बिलात लागतो हो.

सिसअॅडम देत नाही म्हणून काही जण नाराज असतात, माहितीये. पण तासाभरासाठी दिलेलं सिसअॅडम परत काढलेलं आम्ही क्वचितच बघितलंय. त्या आयडीवरून पुढे ग्रँट वाटले जातात, माणूस नोकरी सोडतो, कुणीतरी रिव्होक मारतं, म्हणजे त्याचे अधिकार काढून घेतं, आणि त्याने दिलेलेही सोबत जातात. डीबीटू १० पासून रिव्होकमधे 'नॉट इन्क्लुडिंग डिपेंडंट प्रिव्हिलेजेस' (त्याने दिलेले राहू द्या) लिहायची सोय आहे, पण त्या वेळी ते आठवायला तर हवं.

एएमसीवाल्यांना (वार्षिक देखभाल करारवाल्यांना) आम्ही सहा महिन्यांतून एकदा पब्लिक ग्रँट, युएसीसी रीडवाली (वेगळी परवानगी न देताही कुणालाही वाचू देणारी) प्रोफाइल आणि विसरलेले सिसअॅडम यांची यादी काढून देतो, वेगळे पैसे नाहीत. बाकीच्यांनी रेट विचारा, आणि विचारताना झेडपार्ममधलं (डीबीटूच्या सेटिंग्जमधलं) टीसीपीएएलव्हीईआर काय आहे ते बघून ठेवा. यस असेल तर नेटवर्कवरून पासवर्डशिवाय कनेक्शन घेतली जातायत, मग रेटचं नंतर बोलू, आधी फोन करा.