गोल्फ क्लबची घरगुती जुळणी व दुरुस्ती

गोल्फचा चेंडू मारण्याच्या काठीला क्लब म्हणतात. तिचे सुटे भाग आणून ती स्वतः जुळवणे, जुन्या काठीचा दांडा किंवा मूठ बदलणे, लांबी, वजन आणि कोन आपल्या अंगयष्टीला बसतील असे करून घेणे, हा एक घरगुती छंद आहे. मराठीत ‘क्लब’ म्हटले की आधी पत्ते आणि वर्गणी आठवते. नाशिकमध्ये तर रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगितले की तो क्रिकेटच्या मैदानापाशी सोडतो. त्र्यंबक रस्त्यालगतच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजूनही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. कान्हेरे यांनी १९०९ साली नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळी घातली होती, हे लक्षात घेता साहेबांच्या खेळाच्या मैदानाला त्यांचे नाव मिळणे हा काळाने उगवलेला सूडच म्हणायचा. तिथे रणजी सामने होतात, सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, गोल्फ मात्र नाही. तो पाहायचा तर देवळालीच्या लष्करी भागाकडे जावे लागते.

क्लबचे भाग तीनच: खाली डोके, मधे दांडा म्हणजे शाफ्ट आणि वर रबरी मूठ म्हणजे ग्रिप. डोक्याच्या ज्या पोकळ मानेत दांडा बसतो तिला हॉसल म्हणतात. सांध्यावरचे काळे प्लास्टिकचे कडे म्हणजे फेरूल. त्याचे काम मुख्यतः शोभेचे. पूर्वी दांडे हिकरीच्या लाकडाचे असत आणि प्रत्येक काठी कारागिराच्या हाताखालून जाई. पोलादी दांड्याला अमेरिकेच्या नियामक संस्थेने १९२४ मध्ये आणि ब्रिटनच्या संस्थेने १९२९ मध्ये मान्यता दिली. १९७०च्या दशकात ग्रॅफाइटचे, म्हणजे राळेत बसवलेल्या कार्बनच्या धाग्यांचे दांडे आले. दांडे ठरावीक मापात कारखान्यातून मिळू लागले, तेव्हा काठी ‘घडवण्याचे’ काम ‘जुळवण्याचे’ झाले आणि हौशी माणसाच्या आवाक्यात आले. हौशी माणूस कुठवर जाऊ शकतो याचे उदाहरण कार्स्टन सोलहाइम. जनरल इलेक्ट्रिकमधल्या या अभियंत्याने १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या गॅरेजमध्ये एक पटर, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलायचा क्लब, बनवला. चेंडूला लागताना त्याचा ‘पिंग’ असा आवाज येई, तेच पुढे कंपनीचे नाव झाले.

बहुतेकांची सुरुवात मुठीपासून होते, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे नाही. जुनी ग्रिप आकडी पात्याने उभी चिरून काढतात, खालची टेप खरवडतात आणि नवी दुहेरी चिकट टेप गुंडाळतात. मग नव्या ग्रिपच्या टोकाचे भोक बोटाने दाबून आत टर्पेंटाइन ओतायचे, खळबळून तेच टेपवर सांडायचे आणि ग्रिप एका दमात आत सरकवायची. मधे थांबले की ती अर्ध्यावर धरते आणि पुन्हा चिरावी लागते. टर्पेंटाइनच्या वासाने घरात कटकट होत असेल तर हवेच्या दाबावर ग्रिप फुगवून बसवण्याचीही रीत आहे. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर ते जमते, मात्र दाब वाढला तर ग्रिप फुग्यासारखी फुटते.

दांडा बदलणे हे खरे काम. डोके आणि दांडा यांच्यात खिळा किंवा आटे नसतात. सगळी भिस्त एपॉक्सी या गोंदावर. (आट्याची मान अलीकडच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबमध्ये येते, पण तिथेही दांडा त्या तुकड्यात चिकटवलेलाच असतो.) जुना सांधा सोडवायला हॉसल तापवतात. दांडा पोलादी असेल तर पिळून काढला तरी चालतो. ग्रॅफाइट पिळला तर त्याचे धागे तुटतात आणि जास्त तापवला तर आतला राळेचा बंध जळतो. म्हणून तो पुन्हा वापरायचा असल्यास बेताची ऊब देऊन सरळ रेषेतच ओढावा लागतो. नवा दांडा बसवताना पोलादी टोकावरचा क्रोमचा थर पॉलिश पेपरने पूर्ण घासायचा, कारण गुळगुळीत क्रोमवर एपॉक्सी धरत नाही. ग्रॅफाइटवरचा फक्त रंग काढायचा. ग्रॅफाइट घासताना मास्क हवाच. ती धूळ फुफ्फुसात जाण्यासारखी नाही.

टोकांची मापे ठरलेली आहेत: आयर्नच्या, म्हणजे धातूच्या पात्यासारख्या डोक्याच्या क्लबच्या, दांड्याचे टोक ०.३५५ इंच निमुळते किंवा ०.३७० इंच सरळ, ड्रायव्हरचे बहुधा ०.३३५ इंच. हजारातल्या पंधरा भागांचा फरक ऐकून गोल्फवाला कंटाळतो. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या टर्नरला ते रोजचेच. मिग आणि सुखोई विमाने ओझरला जुळली, शहरात गल्लोगल्ली जॉबवर्कची लेथ आहेत, व्हर्नियर कॅलिपर घरात असणे विशेष मानले जात नाही. या छंदाला गोल्फच्या कौशल्यापेक्षा मोजण्याची सवय जास्त लागते आणि ती या गावात आहे. हॉसल आणि दांड्यातल्या फटीसाठी पितळी शिम म्हणजे पातळ पत्रा किंवा मोडलेल्या दांड्याचा आत अडकलेला तुकडा काढण्यासाठी ड्रिल नेमके धरणारा जिग म्हणजे साचा, या गोष्टी परदेशातून मागवण्यापेक्षा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेणे सोपे.

एपॉक्सी निवडताना पाच मिनिटांत सुकणारी घेऊ नये. ती ठिसूळ असते आणि आघाताने सुटते. काठी फिरवताना डोके निसटले तर ते कुणाच्या तरी अंगावर जाते. सावकाश धरणारी घ्यावी आणि चोवीस तास हात लावू नये. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा चोवीस तासही पुरत नाहीत. काठी उन्हात किंवा उबदार खोलीत ठेवावी. उन्हाळ्यात उलटे: बंद गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने तापलेला सांधा हळूहळू कमकुवत होतो.

लांबी दांड्याच्या मुठीकडून कापून ठरवतात. सरळ टोकाचा दांडा टोकाकडून कापला तर तो अधिक ताठ होतो. निमुळता टोकाकडून कापायचाच नसतो, कापला तर हॉसलमध्ये बसतच नाही.

मग येते वजन. फिरवताना डोके किती जड ‘लागते’ याला स्विंगवेट म्हणतात. १९२०च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी त्यासाठी खास तराजू बनवला. तो नसला तरी अडत नाही: क्लब पट्टीच्या कडेवर तोलून संतुलनबिंदू शोधायचा, मुठीच्या टोकापासून त्याचे अंतर मोजून त्यातून १४ इंच वजा करायचे आणि उरलेल्याला एकूण वजनाने गुणायचे. सगळ्या आयर्नचा हा गुणाकार जवळपास सारखा आला म्हणजे सेट जुळला. डोक्यावर सुमारे दोन ग्रॅम वाढले की स्विंगवेट एका अंकाने चढते. स्वयंपाकघरातला काटा इथे जेमतेम कामाचा. सराफाकडचा मिळाला तर उत्तम. कमी पडणारे वजन डोक्यामागे शिशाची पट्टी चिकटवून भरतात. सामना चालू असताना ही पट्टी लावता किंवा काढता येत नाही.

डोके जमिनीवर नीट टेकते की टाच (दांड्याकडची बाजू) किंवा नाक (पुढचे टोक) उचलते, हे पाहण्याची रीत गमतीची आहे. चेंडूवर मार्करने उभी रेघ काढायची आणि ती बाजू क्लबकडे ठेवून मारायचे. रेघेचा ठसा फेसवर म्हणजे डोक्याच्या मारायच्या बाजूवर सरळ उमटला तर कोन बरोबर, तिरपा उमटला तर मान वाकवायला हवी. घडीव मऊ पोलादाचे डोके एक-दोन अंश सहज वाकते. ओतीव स्टेनलेसचे बरेचदा दाद देत नाही, कधी तडकते. त्याच्यावर घरच्या बेंच व्हाइसमध्ये जोर करू नये.

नियमांची चौकट ढोबळ आहे: पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, पटर सोडून लांबी ४८ इंचांपर्यंत, ड्रायव्हरचे डोके ४६० घनसेंटिमीटर. घरी जुळवलेली काठी यात बसली की ती दुकानातल्या काठीइतकीच वैध.

जुन्या लाकडी डोक्यांची दुरुस्ती ही या छंदाची वेगळी शाखा. घासून पुन्हा वार्निश करणे, मानेवर काळा दोरा गच्च गुंडाळणे, सैल झालेल्या तळपट्टीचे स्क्रू पक्के करणे, अशी ही सुतारकामाकडे झुकणारी कामे. ती डोकी अमेरिकी पर्सिमनच्या लाकडाची असत. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्याच प्रजातीतले. सिन्नरला विडी वळली जाते ती टेंभुर्णीच्या पानात.